थांब, तो विचारतोय

उजव्या हातात चहाची बशी, डाव्या हाताची तर्जनी वर, आणि नजर समोरच्या काळ्या पडद्यावर. "थांब. तो विचारतोय."

आमच्या ऑफिसात सकाळी साडेनऊ ते सव्वादहा या वेळात तुम्ही कधी आला असतात, तर काका तुम्हाला याच अवस्थेत दिसले असते. तुम्ही कोण, काम किती तातडीचं, याला काही किंमत नव्हती. साक्षात मालक आले तरी ते बोट खाली येत नसे. मालक बिचारे मागे उभे राहत आणि पडद्यावरचा 'तो' नक्की काय विचारतोय, हे काकांच्या खांद्यावरून वाचायचा प्रयत्न करत.

'तो' म्हणजे एक प्रोग्राम. आमची कंपनी वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या गाळ्यात होती. खाली स्क्रू तयार होत आणि वर आम्ही. ठाण्यापासून टिटवाळा-बदलापूरपर्यंतच्या लहान लहान पॅथॉलॉजी लॅबना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. रक्त लॅबवाले काढत, आकडे यंत्र देई, आणि हे रक्त कोणाचं ते सांगायचं काम आमचं. आता एकच माणूस यंदा डोंबिवलीत तपासणी करतो, पुढच्या वर्षी कल्याणला. एकदा 'सावंत सुरेश' असतो, एकदा 'सुरेश आर. सावंत'. हे सगळे सुरेश मिळून एक आहेत की चार, हे ठरवायचं आणि त्यांचे जुने-नवे रिपोर्ट एका फाइलीत लावायचे. त्यासाठी काकांनी वीसेक वर्षांपूर्वी पर्ल नावाच्या भाषेत हा प्रोग्राम लिहिला होता. त्याला खिडकी नाही, बटण नाही, रंग नाही. काळ्या पडद्यावर 'जुळवणी' असं टाइप करून एंटर मारायचं, की तो चालू.

आणि चालू म्हणजे काय, चालतच राही. रोज सत्तेचाळीस मिनिटं.

सरळ नावं तो आपली आपण जुळवी. शंका आली की मात्र थांबे. दोन्ही नावं, दोन्ही पत्ते, दोन्ही वयं पडद्यावर मांडी आणि खाली एक ओळ येई: 'दोघे एकच? हो / नाही.' मग उत्तर मिळेपर्यंत ढिम्म हलत नसे. काका उत्तर कधीही मनाने देत नसत. फोन उचलत.

"अहो, मी रिपोर्टवाला बोलतोय. खडवलीच्या मंदाताई म्हात्रे आणि भिवंडीच्या मंदाकिनी पाटील, तुम्ही एकच का?"

पलीकडून संशयाने विचारणा होई, की तुम्हाला काय करायचंय.

"लग्नाआधीचं आडनाव काय तुमचं, एवढंच सांगा."

शीळफाट्याचे एक गृहस्थ तर फोनवर कडाडले होते, "ओटीपी देणार नाही!" काका म्हणाले, "अहो ओटीपी नकोय, तुमच्या वडिलांचं नाव हवंय." त्यावर ते म्हणाले, "तेच तर आधी विचारतात!" आणि फोन आपटला. काकांनी पाच मिनिटांनी पुन्हा लावला. वडिलांचं नाव मिळालं, शिवाय वडील कोणत्या वर्षी गेले आणि शेवटी काय झालं होतं तेही मिळालं. काकांना नाव विचारून लगेच फोन ठेवायची घाई नसे, म्हणून लोक त्यांना पुढचंही सांगत.

"पण काका, तुम्हाला माहीत असलं तरी फोन?" मी एकदा विचारलं होतं.

"माहीत असलं की जास्तच विचारायचं," काका म्हणाले. "चुका माहीत असलेल्यांच्याच होतात. ज्याला माहीत नसतं तो विचारतो तरी."

काकांचं नाव मी इथे लिहीत नाही. आपलं असो की दुसऱ्याचं, नाव भलत्या कागदावर जाऊ नये ही त्यांची जन्माची काळजी. ती मी का मोडू? पण त्यांच्या नावाची गंमत सांगायला हरकत नाही, कारण ती तेच सगळ्यांना सांगत. "आमच्या घराण्यात दोनच नावं. ती आलटून पालटून वापरतो. तिसरं सुचलंच नाही कुणाला." म्हणजे नातवाला आजोबांचं नाव, त्याच्या मुलाला पुन्हा त्याच्या आजोबांचं. त्यामुळे काकांचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं सगळं मिळून त्यांच्या आजोबांच्या नावासारखंच, अक्षर न् अक्षर. लहानपणी आजोबांना आलेली पोस्टकार्डं आपलीच समजून वाचायचो, असं ते सांगत. एकदा तर एका मयताची बातमी त्यांनी आजोबांच्या आधी वाचली होती आणि दिवसभर कुणाला सांगितली नव्हती. वय वर्षं आठ. हे सांगताना मात्र ते हसत नसत.

तर या सत्तेचाळीस मिनिटांत बाकी ऑफिस काय करी? चहा पिई. जुळवणी चालू असताना सगळ्या फाइली बंद असत, त्यामुळे काम करायचं म्हटलं तरी करता येत नसे. खालच्या टपरीवरून किटली येई, कुणाच्या तरी डब्यातले पोहे फिरत. त्या वेळात आमच्याकडे एक लग्न जुळलं, एक मोडता मोडता वाचलं, आणि दोन जणांनी सिगारेट सोडली. कंपनीच्या प्रगतीच्या तक्त्यात यातलं काहीच दिसत नव्हतं.

मग मालकांचे चिरंजीव बंगळुरूहून परत आले. येताना दोन गोष्टी घेऊन आले: मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि 'लेगसी' हा शब्द. जुनी खुर्ची, जुना सर्व्हर, जुना माणूस, सगळ्याला तो एकच शब्द पुरे. आम्ही त्यांना तरुण साहेब म्हणायचो. पहिल्याच सकाळी ते स्टॉपवॉच लावून काकांच्या मागे उभे राहिले.

"काका, फॉर्टी-सेव्हन मिनिट्स! एवढ्यात मी गाडीने शीळफाटा पार करतो."

काकांनी मान वळवून कुतूहलाने विचारलं, "रोज?"

सगळं ऑफिस किटलीकडे बघत हसू दाबायला लागलं. तिथल्या वाहतूककोंडीतून शीळफाटा सत्तेचाळीस मिनिटांत पार करणारा माणूस आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. पण तरुण साहेबांना विनोद कळला नाही, आणि न कळलेला विनोद वरिष्ठांना लागतो. त्याच दुपारी ठरलं: जुळवणी नव्याने लिहायची. वेगवान भाषेत. आणि ते काम आलं माझ्याकडे.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. आपण किती हुशार आहोत हे जगाला अजून नीट कळलेलं नाही, या एकाच चिंतेत मी कल्याणहून रोज ये-जा करत असे. तरुण साहेबांनी मला "तूच करू शकतेस" असं म्हणून हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मी तर फांदी शोधतच होते.

नवी भाषा रस्ट. मी काकांना सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत होते.

"रस्ट म्हणजे गंज ना गं? आणि पर्ल म्हणजे मोती." चष्मा डोळ्यांवर गेला. "मोती काढून गंज लावायचा. लावा."

एवढंच बोलले. वर मला त्यांची सगळी फाइल दिली, आणि काही अडलं तर विचार म्हणाले. मला काही अडलं नाही. मी विचारणाऱ्यांतली नव्हतेच.

काकांची ती फाइल म्हणजे आजीच्या बोचक्यासारखी होती. कशातून काय निघेल सांगता येत नव्हतं. ओळींच्या मध्ये मध्ये इंग्रजी लिपीत मराठी टिपा होत्या. एक होती: 'ही ओळ काढू नये. का ते आता आठवत नाही, पण काढू नये.' दुसरी, वयाच्या तपासणीपाशी: 'इथे थांबणे. आजोबा असू शकतील.' मला इतकं हसू आलं की मी त्याचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, खाली पाच हसऱ्या चेहऱ्यांसह. काकाही त्या ग्रुपवर होते, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. त्यांनी अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं.

मग मी मोजमाप केलं. सत्तेचाळीसपैकी प्रोग्रामचा स्वतःचा वेळ होता नऊ मिनिटं. उरलेली अडतीस मिनिटं तो नुसता काकांच्या उत्तराची वाट बघत असे. म्हणजे अडथळा सापडला. तो अडथळा चष्मा लावून समोर बसला होता आणि बशीतून चहा पीत होता.

मी अडथळा काढला. विचारायचंच नाही. नाव, पत्ता, मोबाइल, वय, सगळ्याला मिळून शंभरपैकी गुण द्यायचे. नव्वदच्या वर गेले की माणूस एकच. आणि एका नियमावर तर मी स्वतःच खूश होते. टाइप करताना आकड्यांची अदलाबदल होते, एकवीसचे बारा होतात. म्हणून मी लिहिलं, की बाकी सगळं जुळत असेल आणि वयाचे आकडे फक्त उलटे पडले असतील, तर ती टाइप करणाऱ्याची चूक समजावी आणि दोघे एक करावेत. तरुण साहेबांनी त्या नियमाला "ब्रिलियंट" म्हटलं. मी घरी जाऊन आईलाही सांगितलं. आई म्हणाली, "बरं. जेवतेस ना?"

नवी जुळवणी अकरा सेकंदांत संपली.

त्या दिवशी ऑफिसात केक आला. त्यावर क्रीमने '११ सेकंद' असं लिहिलं होतं. तरुण साहेबांनी मोठ्या मनाने सुरी काकांच्या हातात दिली. ज्याला निरोप द्यायचा त्याच्याच हातून कापून घेण्याची ही पद्धत मी आणखीही ठिकाणी पाहिली आहे; तुम्हीही पाहिली असेल. काकांनी नेमका मधला भाग कापला, सेकंदांचा. मग माझ्याकडे वळून अगदी मनापासून विचारलं:

"अकरा सेकंदांत त्याने विचारलं कधी गं?"

सगळे हसले. मीही हसले. केक बरा होता.

कंपनीने रोजची सत्तेचाळीस मिनिटं वाचवली. त्यांचं करायचं काय, हा प्रश्न तरुण साहेबांनी आठवडाभरात सोडवला. रोज सकाळी साडेनऊला काचेच्या खोलीत मीटिंग सुरू झाली. उभ्याने घ्यायची, म्हणजे लवकर संपते. ती पंचेचाळीस मिनिटं चाले. विषय असे, आपला वेळ कुठे जातो.

काकांना 'सल्लागार' केलं आणि त्यांचं टेबल पाण्याच्या कूलरपाशी हलवलं. त्यांच्याकडची दुरुस्तीची परवानगी काढून माझ्याकडे दिली. चुकून दोघांचे रिपोर्ट एक झाले, तर ते वेगळे करायचा अधिकार आता एकट्या मला. निवृत्तीला काही महिने उरले होते. दुसरा कोणी असता तर पेपर वाचत बसला असता. काकांनी त्यांचा जुना संगणक कूलरच्या बाजूला लावून घेतला आणि आदल्या दिवशीची यादी घेऊन रोज सकाळी जुनी जुळवणी चालवायला लागले. कोणासाठी? कोणासाठीच नाही. आम्ही काचेच्या आत उभे, आणि काचेबाहेर काका, एका हातात बशी, दुसऱ्या हाताचं बोट वर. पाणी प्यायला येणारे जरा थबकत, मग सवय झाली.

नव्या जुळवणीला तीन आठवडे झाले असतील. मीटिंग चालू होती. काका काचेच्या दारापाशी येऊन उभे राहिले. हातात बशी नव्हती, बोट मात्र वर होतं. तरुण साहेबांनी आतूनच पंजा दाखवला: पाच मिनिटं. मीटिंग संपली तेव्हा ते जागेवर गेले होते आणि मला कल्याणच्या एका लॅबचा फोन आला होता. राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. "अगं, मोहने गावच्या लॅबमध्ये दोन नावं आहेत. तुझ्याकडे ती एक झालीत. त्याने विचारलं मला. जरा..."

"काका, नंतर," मी म्हटलं. पडद्यावरून नजरसुद्धा काढली नाही.

तो शब्द मला अजून ऐकू येतो. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. दारावर बेल वाजवणाऱ्या विक्रेत्याला म्हणतो तसं म्हटलं मी.

ती दोन नावं होती बाळाराम हरी भोईर आणि बाळाराम हरी भोईर. पत्ता मोहने, घर एक, मोबाइल घरात एकच लिहून दिलेला. एकाचं वय ब्याऐंशी, दुसऱ्याचं अठ्ठावीस. आजोबा आणि नातू. नातवाला घरीदारी सगळे बंटी म्हणत. बाळाराम तो फक्त कागदावर होता. कागदावरच घोटाळा झाला. माझ्या ब्रिलियंट नियमाने ब्याऐंशीचे अठ्ठावीस ही टाइप करणाऱ्याची चूक ठरवली आणि आजोबा-नातवाला एक करून टाकलं.

दोघांनी एकाच सकाळी रक्त दिलं होतं. आजोबांनी आठ वाजता, नेहमीच्या साखरेसाठी. बंटीने नऊ वाजता, नव्या नोकरीसाठी. लग्न त्या नोकरीच्या जोरावरच ठरलं होतं. आता फाइल झाली एक. त्यात शेवटची तपासणी बंटीची, म्हणून घरच्या मोबाइलवर बाळाराम हरी भोईर यांची साखर अगदी नॉर्मल असल्याचा निरोप गेला. तो कुणीतरी आजोबांना वाचून दाखवला. आजोबांनी कपाळाला हात लावून देवाचे आभार मानले आणि गोळ्यांचा डबा फळीवर ठेवून दिला. तिकडे बंटीच्या कंपनीला संपूर्ण फाइल गेली: दहा वर्षांचा मधुमेह आणि वाढलेली प्रोस्टेट. कंपनीच्या डॉक्टरांनी अठ्ठावीस वर्षांच्या मुलाची प्रोस्टेट वाचली आणि त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. हल्ली तरुणांच्या तब्येती अशाच, म्हणाले, आणि नेमणूक थांबवली.

काकांनी लॅबला फोन केला होता. लॅबमधल्या बाई म्हणाल्या, दुरुस्ती आता फक्त तुमच्या मॅडमच करू शकतात. मॅडम म्हणजे मी. काकांनी भोईरांच्या घरी फोन लावला, सहा-सात वेळा. त्या घरी बंटीच्या हळदीची तयारी चालू होती आणि ओट्यावर डीजे. फोन वाजत होता आणि कोणाला ऐकू येत नव्हता.

तिसऱ्या दिवशी काका ऑफिसला आले नाहीत. आम्ही काचेत उभे होतो. माझा फोन थरथरला, काकांचा नंबर. मी तो बंद करणार होते, पण का कोण जाणे, घेतला.

मागे डीजे धडधडत होता, बायका गात होत्या. काका ओरडून बोलत होते. मी त्यांचा चढलेला आवाज पहिल्यांदाच ऐकला. "अगं ऐक! ब्याऐंशी आणि अठ्ठावीस वेगळे आहेत. मी विचारलंय!"

झालं होतं असं. काका डोंबिवलीहून निघून थेट मोहन्याला गेले आणि विचारत विचारत भोईरांच्या मांडवात शिरले. पांढरा शर्ट, चष्मा, हातात पिशवी. घरच्यांना वाटलं नवरीकडचे कोणी. "या, बसा बसा!" म्हणून बसवलं, समोर पान वाढलं, कुणा आत्याबाईंनी गालाला आणि कॉलरला हळद फासली. काका म्हणत होते, मला बाळाराम भोईरांना भेटायचंय. त्यांनी बंटीला पुढे केलं. काका म्हणाले, हे नव्हेत, दुसरे. आजोबा खांबाला टेकून बसले होते, समोर जिलेबीची ताटली.

"आजोबा, गोळी घेतलीत का?"

"गोली कशाला आता? मना काय नाय. फोनवर आलंय, साखर गेली माझी."

"किती दिवस नाही घेतली?"

आजोबांना उत्तर देता येईना. जीभ जड झाली होती, मान एका अंगाला जात होती. काकांनी बंटीला हाक मारली, आणि अंगभर हळद लागलेला नवरदेव आजोबांना उचलून रिक्षात बसला, शेजारी काका. कल्याणच्या हॉस्पिटलात साखर मोजली तर चारशेच्या पुढे. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत असंच बसवलं असतंत तर अवघड होतं.

मी दोन्ही फाइली वेगळ्या केल्या. काम दोन मिनिटांचं. घाईत मी तीनदा चुकीची कळ दाबली.

आजोबा वाचले. चार दिवसांनी घरी आले, नातवाच्या लग्नात खुर्चीत बसले आणि जिलेबीकडे फक्त बघत राहिले. बंटीच्या कंपनीला आम्ही पत्र दिलं. त्याला नोकरी मिळाली. झाल्या प्रकाराचा अहवाल तरुण साहेबांनी स्वतः लिहिला. त्यात चुकीमागचं मूळ कारण दिलं होतं: 'ग्राहकांची पारंपरिक नामकरण पद्धत'. आणि उपाय: लॅबनी ग्राहकांना नातवंडांची नावं वेगळी ठेवण्याविषयी सुचवावं. हा अहवाल सगळ्यांनी वाचला, कोणीही हसलं नाही, आणि तो मंजूर झाला. अहवालात माझ्या नियमाचा उल्लेख नव्हता. मीही मूग गिळून बसले, हे मान्य केलं पाहिजे.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी काका तोच शर्ट धुऊन घालून आले होते. कॉलरवरची हळद गेली नव्हती. मी कूलरपाशी गेले. माफी मागायची होती, पण तोंडातून भलतंच निघालं.

"काका, तुम्ही ओरडला का नाहीत? दार उघडून सरळ आत यायचं होतं."

"अगं, तुम्ही मीटिंगमध्ये होतात." मग म्हणाले, "बोट वर केलं होतं की."

मी तिथेच रडले, पाणी प्यायला आलेल्या दोघांच्या देखत. काकांनी इकडेतिकडे बघितलं, बशीत चहा ओतला आणि बशी माझ्या हातात दिली. स्वतः कपातून प्यायले. त्यांना तसं प्यायची सवय नव्हती, जीभ भाजली.

त्यानंतर महिनाभर मी रोज त्यांच्या शेजारी बसले. या वेळी विचारत गेले. नव्या जुळवणीला पुन्हा थांबायला शिकवलं. सरळ नावं अकरा सेकंदांत, मग शंकेची एकेक जोडी, आणि खाली तीच ओळ: 'दोघे एकच? हो / नाही.' माझा ब्रिलियंट नियम मी काढला, आणि त्या जागी काकांची टीप होती तशी उतरवली, इंग्रजी लिपीसकट: 'इथे थांबणे. आजोबा असू शकतील.' माझी फोनाफोनी काकांपेक्षा संथ, ती धरून सगळं आता चव्वेचाळीस मिनिटांत होतं. तरुण साहेबांनी तीन मिनिटांच्या बचतीचा तक्ता केला. केक मात्र आला नाही.

काका निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला काही दिलं नाही, सांगितलं फक्त एवढंच: "माहीत असलं तरी विचारत जा." दोन वर्षांनी ते गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं त्यांचा मुलगा म्हणाला. मी भेटायला गेले तेव्हा त्यांची सून चहा घेऊन आली आणि माझ्यासमोर कप-बशी ठेवली. मला तो कपातूनही पिता येईना आणि बशीतूनही.

आता सकाळी साडेनऊला त्या जागी मी बसते. लोक येतात, मी बोट वर करते. नव्या मुलांना ते विचित्र वाटतं. माझा फोटो त्यांच्या ग्रुपवर फिरला असेलच; मी अंगठा पाठवायला तयार आहे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. अकरा सेकंद झाले, पहिलीच शंका पडद्यावर आली. लॅब डोंबिवली पूर्व. दोन नावं, अक्षर न् अक्षर सारखी. पत्ता एक. मोबाइल एक. एकाचं वय एकसष्ट, शेवटची तपासणी तीन वर्षांपूर्वीची. लॅबच्या यादीत माणूस मरत नाही. तो फक्त पुन्हा येत नाही. दुसऱ्याचं वय सात महिने.

'दोघे एकच? हो / नाही.'

मला माहीत होतं. मी फोन उचलला. नंबर फिरवायची गरज नव्हती, तो माझ्या मोबाइलमध्ये 'काका ऑफिस' म्हणून अजून आहे. पलीकडे सुनेने उचलला, आवाजात घाई.

"नमस्कार, मी रिपोर्टवाली बोलतेय. लॅबमध्ये एक नाव..."

"ओटीपी वगैरे काही देणार नाही हं आम्ही!"

"ओटीपी नकोय," मी म्हटलं. "बाळाचं पूर्ण नाव हवंय."

तिने सांगितलं. आधी बाळाचं, मग त्याच्या वडिलांचं, मग आडनाव. मागे बाळ खोकत होतं आणि खोकून झाल्यावर स्वतःशीच काहीतरी बोलत होतं. साधी सर्दी आहे, ती म्हणाली, पण डॉक्टरांनी रक्त तपासून घ्या म्हटलं म्हणून घेतलं. मग तिने विचारलं, "का हो, काही चुकलंय का?"

"नाही," मी म्हटलं. "नुसतं विचारलं."

फोन ठेवला. दाराशी तरुण साहेब येऊन उभे होते, हातात कसलातरी कागद. मी डावं बोट वर केलं. मग उजव्या हाताने 'नाही' टाइप केलं, आणि एंटर दाबायच्या आधी ती दोन्ही नावं पुन्हा एकदा, शेवटपर्यंत वाचली.